जोडपत्र क्रमांक सात

घनसावंगी
दि. २२ मार्च २०२६, रविवार

चि. प्रिया हिस,

सप्रेम जय भीम.

इकडे सर्व ठीक आहे. आई तुला फोनवर सांगतेच, तरी लेखी असावं म्हणून लिहितो. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन २ तारखेला झालं, दुसऱ्याच दिवशी पट्टी काढली. आता ती म्हणते, कॅलेंडरवरचे लाल आकडे दिसतात, काळे दिसत नाहीत. काळेही दिसतात, मी तपासलं. तिला फक्त लाल बघायचे असतात, कारण सुट्टी लागली की तू येतेस.

तुझ्या वहिनीने, उषाने, तुझ्यासाठी कारळाची चटणी करून ठेवली आहे. आईच्या हातची नाही, पण वाईट नाही.

तीन वर्षं सात महिन्यांनी मी तुला लिहितो आहे. फोन का केला नाही म्हणशील, तर फोनवर मी चुकीचं बोलतो हे ऑगस्ट २०२२ मध्ये सिद्ध झालेलं आहे. लिहिताना माझा हात सरळ चालतो.

धंद्याचं म्हणशील तर अर्धा फ्लेक्सवाल्यांनी नेला. मशीनवर अक्षर ताणतात ते, रबरासारखं. परवा एका दुकानावर 'कृषी सेवा केंद्र' असं लावलंय की 'कृषी' रोडावलेली आणि 'केंद्र' फुगलेलं. मालकाला दाखवलं तर म्हणतो, "वाचता येतंय ना पेंटर, मंग झालं." मी त्याच्याकडे चहा घेतला नाही. तरी इथून आष्टीपर्यंत माझ्या हातचा बोर्ड नाही असं गाव नाही. मॅट्रिकला गणितात चौतीस मार्क पडले, एक कमी पडला, आणि मी पुन्हा बसलो नाही. पण अक्षराचं माप मला कुणी शिकवलेलं नाही आणि कुणी चुकवूनही दाखवलेलं नाही. हे तुला माहीत आहे. तू शाळेत जाण्याआधी माझ्याच शिडीखाली बसून वाचायला शिकलीस. खताचा ख, बियाण्याचा ब.

आता बोर्डाचं.

विहाराच्या भिंतीवरचा 'आपले मानकरी' फलक दरवर्षी जयंतीआधी मी नवा रंगवतो, हे तू जाणतेस. नाव, शिक्षण, हुद्दा. सव्वीस नावं आहेत. तुझं चौथं. 'प्रिया अप्पाराव वाहुळे, एम. ए., अधिकारी, रिझर्व्ह बँक.' तू बँक सोडलीस त्यानंतरही मी तीन वेळा तेच रंगवलं. २०२३, २०२४, २०२५. कुणी विचारलं की सांगायचो, बँकेनंच तिला शिकवायला पाठवलंय, थोड्या दिवसांसाठी. असलं खोटं बोलताना माझी मान ताठ असायची, याचंच मला आता आश्चर्य वाटतं. काना एक सूत वाकडा गेला तर आख्खी ओळ पुसणारा माणूस मी.

या वर्षी कमिटीचे धर्मराजकाका दुकानात आले. बसले, तंबाखू मळली, आणि म्हणाले, "राजानंद, आमच्या सुनेनं मोबाईलवर प्रियाचं लेक्चर पाह्यलं. युनिव्हर्सिटीचं नाव होतं खाली, आन् नावाच्या पुढं डॉक्टर. तुझ्या बोर्डावर तर ती अजून बँकेतच हाय."

"बदलायचं राहिलं," मी म्हणालो.

"तीन वर्षं?"

मी ब्रश धूत राहिलो.

"बहीण उतरली न्हाई रं," काका म्हणाले. "तूच शिडीवर अडकून पडलास." आणि हसत गेले. त्यांना वाटलं, गंमत केली.

'उतरलीस' हा शब्द माझा होता. ऑगस्ट २०२२ ला फोनवर मी म्हणालो होतो, "एवढ्या वर जाऊन उतरलीस? मग आता बोर्डावर काय लिहू?" आणि तू म्हणालीस, "दादा, मी काय करते ते विचार की. बोर्डाचं काय विचारतोस?" आणि फोन ठेवलास. तेव्हापासून तू आईला भेटायला आलीस की नेमकं माझं परतूरला किंवा आष्टीला काम निघतं. उषा म्हणते, "आष्टीत भिंती तरी किती असतील हो?"

फेब्रुवारीत ब्रश आणायला औरंगाबादला गेलो होतो. (बोर्डावर मी नवं नाव बिनचूक लिहितो, तोंडात अजून जुनंच येतं.) वेळ होता म्हणून युनिव्हर्सिटीकडे चक्कर मारली.

हे खरं नाही. ब्रश जालन्यात मिळतात. मी तुझाच वर्ग बघायला गेलो होतो. धर्मराजकाकांच्या सुनेकडून तुझं टाइमटेबल काढून घेतलं. मंगळवार १७ फेब्रुवारी, साडेअकराचा तास. दाराशी शिपायाने विचारलं, "पालक का?" मी हो म्हणालो. ते खोटं वाटलं नाही. मागच्या दाराने जाऊन शेवटच्या बाकावर, खांबाच्या आडोशाला बसलो. टोपी काढली नाही. तू आलीस, हजेरी घेतली नाहीस, सरळ म्हणालीस, "नोट काढा. कुठली पण. मागची बाजू बघू नका. भाषांची पट्टी असते, त्यात मराठी कितवी?"

एक म्हणाला सहावी. एक म्हणाली दहावी. मागून कुणीतरी म्हणालं, "मॅडम, आधी नोट तरी द्या," आणि वर्ग हसला. तूही हसलीस.

प्रिया, मी दातांखाली जीभ धरून बसलो होतो. आठवी! सात वर, सात खाली, बरोबर मधोमध. 'पाचशे रुपये' मधला श किती बारीक असतो आणि तरी फुटलेला नसतो, ते मी भिंगातून पाहिलेलं आहे. एवढा वर्ग, आणि एकालाही येऊ नये.

मग तू सांगितलंस, आख्खा देश ज्या कागदावर विश्वास ठेवतो तो कागद कुणी वाचत नाही. पुढच्या बाजूला एक वचन छापलेलं असतं, ते वाचायला लावलंस. आणि बँकेत असताना विदर्भातल्या एका गावात तुम्ही लोकांना व्यवहार समजवायला शिबिर घेतलं होतं, ती गोष्ट सांगितलीस. तिथल्या सोनूबाई नावाच्या म्हातारीने नोट उलटीपालटी करून तुला विचारलं, "बाई, हे वचन देनारा कोन? तू पाह्यलं का त्याला?" तिला समजावता समजावता तुझी जीप निघून गेली आणि तू एसटीने परत आलीस. तू वर्गाला म्हणालीस, "साडेचौदा वर्षांच्या नोकरीत मोठमोठ्या बैठकांना बसले. पण तो एक तास आठवला की अजून बरं वाटतं. तसा तास रोज मिळावा म्हणून इथं आले."

हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस. म्हणजे, मी विचारलं नव्हतं.

तुला शिकवताना बघून माझ्या छातीवरचं काहीतरी हललं. इतकी वर्षं मला वाटायचं, तू हातातलं मोठं काम टाकलंस. तिथं दिसलं, तू काही टाकलेलं नाहीस, सगळं बरोबर घेऊन आली आहेस आणि फळ्यासमोर एकेक काढून दाखवते आहेस. फळ्यावरचं तुझं अक्षर मात्र उजवीकडे चढतं. खांदा सैल ठेव.

तास संपता संपता पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, एवढं आवडतं तर आधीच का नाही आलात?"

आणि तू म्हणालीस, "आले होते ना. दोन हजार सातला इथंच अर्ज केला होता. मुलाखतीला पण बोलावलं नाही. मला वाटलं, आपल्यात तेवढं नसेल. मग परत अर्ज करायची हिंमत व्हायला पंधरा वर्षं लागली. तुम्ही एवढी लावू नका."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी मागच्या दाराने निघालो. जालन्यापर्यंत उभा आलो, जागा होती तरी. मग जालना ते घनसावंगी बसून, पण काही दिसलं नाही बाहेरचं.

आज तेहतीस दिवस झाले. चार वेळा हे पत्र लिहायला घेतलं आणि दर वेळी आईच्या डोळ्यापाशीच संपलं. आता लिहितो.

तुझ्यात तेवढं होतं. अर्जात नव्हतं.

ऑगस्ट २००७. बँकेची लेखी परीक्षा तू पास झाली होतीस, मुलाखतीला मुंबईला निघाली होतीस. विद्यापीठाच्या अर्जाची शेवटची तारीख ३१ ऑगस्ट, शुक्रवार. जाताना फॉर्म माझ्या हातात देऊन म्हणालीस, "दादा, सह्या केल्यात. बाकीचं तू भर, तुझं अक्षर चांगलं हाय." चोवीस वर्षांची होतीस. माझ्यावर डोळे झाकून भरवसा.

अर्ज मी असा भरला की छापील वाटावा. सोबतच्या कागदांची यादी केली, एक ते सात. सातवा कागद म्हणजे तुझ्या नेट परीक्षेच्या प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत. त्याशिवाय अर्ज अपुरा, हे जाहिरातीत ठळक छापलेलं होतं आणि मी ते दोनदा वाचलं होतं. यादीत सात लिहिले. पाकिटात सहा घातले.

~~तुझ्या भल्यासाठी~~

वरचे शब्द मी खोडले. खोडलेलं दिसतंय, दिसू दे. एकोणीस वर्षं मी स्वतःला तेच सांगत आलो. की शिकवायच्या नोकरीचं काही खरं नसतं, की दोन्हीकडून बोलावणं आलं तर तू खडू धरशील आणि बँक जाईल. पण खरं कारण त्याहून हलकं आहे. विहाराच्या फलकावर तुझी ओळ मी आधीच खडूने आखून ठेवली होती. मुलाखत व्हायच्या आधी. 'अधिकारी, रिझर्व्ह बँक.' व्ह ची जोडणी, त्यावरचा रफार, बँ वरचा चंद्र. वस्तीत तसला शब्द कुणी कधी रंगवलेला नव्हता आणि तो मला रंगवायचा होता. आखलेली ओळ पुसायला माझा हात झाला नाही. म्हणून तुझा कागद काढून घेतला.

त्या दिवाळीला तू विचारलंस, "दादा, युनिव्हर्सिटीचं काही आलं का?"

"न्हाई."

"बोलावलं पण न्हाई ना?"

"न्हाई."

"असू दे. आपलं तेवढं नसंल."

आणि मी तुला म्हणालो, "बँकेपुढं ती नोकरी काय घेऊन बसलीस!" तू हसलीस, लाडू घेतलास. मला वाटलं, मिटलं. ते वाक्य तू असं जपून ठेवशील हे मला माहीत नव्हतं. माझ्यामुळे तुझी साडेचौदा वर्षं वाया गेली.

तुला काय वाटेल ते मी ठरवणार नाही. एकदा दुसऱ्याच्या वतीने ठरवून पाहिलं. पण त्या मुलीला तू पुढच्या तासाला सांग, की मॅडममध्ये तेवढं होतं. एवढंच माझं मागणं आहे.

तो कागद मी फाडला नाही. चार नंबरच्या ब्रशच्या पत्र्याच्या डब्यात, तळाला होता. कडेला टर्पेंटाईनचा डाग पडलाय, शिक्का स्वच्छ आहे. पोस्टात आता रजिस्टर राहिलं नाही, म्हणून स्पीड पोस्टाने पाठवतो. पाकीट बंद करण्याआधी दोनदा मोजलं.

तुझा,
राजानंद

सोबत: जोडपत्र क्र. ७ (एक).


घनसावंगी
दि. ९ एप्रिल २०२६, गुरुवार

प्रियाबाई,

जय भीम, जय भीम, जय भीम.

तुझं पाकीट परवा, मंगळवारी मिळालं. दोन आठवडे मी पोस्टमनला तोंड दाखवायला भीत होतो आणि तो दिसला नाही तरी भीत होतो. उषा म्हणाली, "आता आष्टीला जा की रंगवायला." आईला मी सगळं सांगून टाकलं होतं, पत्र टाकलं त्याच दिवशी. ती म्हणाली, "माझ्या डोळ्यातला मोतीबिंदू दोन वर्षांत पिकला. तुझा एकोनीस वर्षं पिकत होता व्हय रं?" आणि दोन दिवस माझ्या हातचा चहा घेतला नाही.

पाकीट जाड लागलं. उघडलं तर माझंच पत्र. मला वाटलं, झालं, परत केलं. मग लाल शाई दिसली.

मी प्रत्येक शेरा वाचला, क्रमाने. 'चोवीस वर्षांची' खाली रेघ मारून तू लिहिलंस, "पंचवीस. जन्म फेब्रुवारी ८२. तपासून लिहा." चूक कबूल. 'आठवी! सात वर, सात खाली' याला बरोबरची खूण, आणि शेजारी, "खांबाआड बसलेल्या टोपीवाल्यांनी हात वर करायला हरकत नव्हती." म्हणजे तू पाहिलं होतंस! पाहूनही 'आपल्यात तेवढं नसेल' हे वाक्य बोललीस की मी आहे म्हणून बोललीस, हे मी विचारणार नाही. आल्यावर विचारीन.

'फळ्यावरचं अक्षर उजवीकडे चढतं' याला तू उद्गारचिन्ह दिलंस, एकच. ठीक आहे.

'साडेचौदा वर्षं वाया गेली' याच्या समासात: "विधानाला आधार नाही. सोनूबाई कुठं भेटली असती?" हे मी आईला मोठ्याने वाचून दाखवलं. मग एकट्याने परत वाचलं. मग दुकानाचं शटर अर्धं ओढून बसलो थोडा वेळ. छातीवरचा दगड म्हणतात तो असा उतरतो होय? आवाज करत नाही. फक्त श्वास पोटापर्यंत जातो. जेवणही दोन भाकरी जास्त गेलं.

यादीत सात आणि पाकिटात सहा, त्या परिच्छेदाशेजारी तू शब्द लिहिलेला नाहीस. नुसती उभी रेघ आहे. एवढी दाबून ओढली आहेस की मागच्या पानावर उठली आहे. मी बोट फिरवून पाहिलं. ती रेघ मला समजली. ती पुसायला मी सांगणार नाही, आणि तू पुसली नाहीस तरी चालेल.

'जोडपत्र क्र. ७ मिळाले. पोच.' हे खाली सहीसकट. आणि पुढे तू लिहिलंस की त्या मुलीला पुढच्या तासाला सांगितलं. वर्गाने विचारलं, "कागद कुणी काढला, मॅडम?" आणि तू म्हणालीस, "ज्याने मला वाचायला शिकवलं, त्यानेच."

शेवटच्या पानावर गोल काढून गुण दिलेस. 'शंभरपैकी पस्तीस. एकोणीस वर्षं उशिरा सादर केल्याबद्दल गुण कापले आहेत. उत्तीर्ण.'

प्रिया, मी ते पान घेऊन धर्मराजकाकांकडे गेलो. त्रेपन्न वर्षांचा माणूस, दोन्ही हातांनी कागद धरून. काकांनी चष्मा लावला, वाचलं, म्हणाले, "काठावर हाय." मी म्हणालो, "काका, काठावर का होईना, चौतीस न्हाई."

आता बोर्ड. तू दिलेला मजकूर मिळाला: 'डॉ. प्रिया अप्पाराव वाहुळे, पूर्वी अधिकारी, रिझर्व्ह बँक. सहायक प्राध्यापक, अर्थशास्त्र.' बँक आधी, विद्यापीठ नंतर, आणि दोन्हीचं अक्षर एकाच मापाचं, बँकेला सूतभरही जास्त नाही, असं तू अधोरेखित केलं आहेस. मान्य. ओळ लांब होते, म्हणून शेजारच्या नावाला अडीच इंच सरकवावं लागलं. त्यांना विचारून सरकवलं. हल्ली मी विचारतो.

खाली 'अक्षरओळख: राजानंद पेंटर' असं घालायला तू सांगितलंस ते मात्र मी घालणार नाही. मानकऱ्यांच्या फलकावर अजून माझं काम नाही. रंगवणाऱ्याचं नाव उजव्या कोपऱ्यात बारीक असतं, तेवढं आहे.

पंचवीस नावं रंगवून झाली. तुझी ओळ खडूने आखून ठेवली आहे, रंग भरलेला नाही. तेराला तू येशील, शिडीखाली उभी राहशील, पहिल्यासारखं एकेक अक्षर मोठ्याने वाचशील. तू 'बरोबर' म्हणालीस, की मग मी ब्रश बुडवीन. चुकलं असेल तर ओला फडका खांद्यावर आहेच.

पुसायला तयार असलेला,
तुझा दादा